मशिनीचं पाणी

सत्यभामाबाईंनी स्टार्टरच्या पेटीतले फ्यूज उपटले आणि पदराच्या टोकात बांधून कमरेला खोचले. विहिरीतली मोटार थांबली. बांधापलीकडच्या ड्रिल मशिनीकडं गेलेला पाइप हळूहळू चपटा पडला आणि पाण्यावाचून मशीनही बंद करावी लागली.

अणुभट्टीचा कचरा इथल्या कातळात खोल पुरता येईल का, हे पाहायला ती मशीन आली होती. तिला पाणी द्यायचं कृष्णराजनं, त्यांच्या मुलानं, परस्पर कबूल केलं होतं.

तो धावत आला. "माय, काय केलंस हे? म्या शब्द दिलाय."

"माणसं तहानली तर घागर हाय. मशिनीला थेंब न्हाय."

मागोमाग भूवैज्ञानिक उमाशंकर आले. आवाज न चढवता म्हणाले, "मावशी, हा फक्त तपास आहे. इथला कातळ कोट्यवधी वर्षांचा, एकदम स्थिर."

"मग त्र्याण्णवच्या भूकंपात काय हाललं, साहेब?"

उमाशंकरांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं. "तेच तपासायचं आहे. खाली भेगा आहेत का ते."

"आन् सापडल्या तर गावाला सांगाल?"

"अहवाल वर जातो. सांगायचं की नाही, ते वरचे ठरवतात."

"तुमी सांगाल का, इचारते म्या."

त्यांनी हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. सत्यभामाबाईंनी कृष्णराजचा दंड धरून त्याला पुढं ओढलं.

"ह्यो तान्हा होता. घर पडलं तवा ह्या हातांनी मातीखालनं काढला. ह्याची बहीण आतच राहिली. त्या भुईत तुमचं इख पुरू देणार न्हाय."

कृष्णराज आईकडं बघतच राहिला. भूकंपाच्या त्या पहाटेबद्दल ती घरात कधी एक शब्द बोलली नव्हती.

"जळकोटहून टँकर मागवतो," उमाशंकर मशिनीवरच्या माणसांना म्हणाले आणि फोन काढत निघून गेले.

टँकरला वाट एकच होती, मायलेकांच्याच शेतातली. कृष्णराज घराकडं गेला. परतला तो ट्रॅक्टर घेऊन. त्यानं तो वाटेत आडवा लावला, बंद केला आणि खाली उतरून आईशेजारी बांधावर बसला.

लांबवर टँकरचा हॉर्न वाजला. दोघंही उठली नाहीत.

"माय," त्यानं हळूच विचारलं, "ताई केवढी होती?"

सत्यभामाबाईंनी जमिनीपासून हात वर नेला आणि बसल्या बसल्याच स्वतःच्या खांद्याशी थांबवला.