दीपस्तंभाचं शेवटचं वाक्य

फिल ऑस्टरने केबिनचं दार लावून घेतलं, तेव्हाच नॉर्मा झेलिंका काय ते समजली. मॅनहॅटनमधल्या त्या कॉमिक्सच्या कचेरीत संपादक दार लावायचा तो एकतर कुणाला काढायला, नाहीतर कुणा नायकाला मारायला.

"दीपस्तंभ?" तिने विचारलं.

"हो. या उन्हाळ्यात, 'महाप्रलया'त."

'महाप्रलय' म्हणजे कंपनीची त्या वर्षीची मोठी भानगड. आकाश फाटणार, झाडून सगळे नायक एकत्र येणार, आणि गोष्ट कळायची तर वाचकाने सगळीच मासिकं विकत घ्यायची. त्यात नायकांच्या जोड्या लावल्या होत्या. नॉर्माच्या म्हाताऱ्या दीपस्तंभाच्या वाट्याला आला होता कोयता. अंगभर पाती, तोंडात शिव्या, पोरांचा लाडका. दीपस्तंभाने मरायचं आणि कोयत्याने चवताळून शेवटच्या लढाईला जायचं, असं वरून ठरून आलं होतं.

चौदा वर्षं नॉर्मा दीपस्तंभ लिहीत होती. आता संताप येईल म्हणून ती वाट बघत राहिली. संताप आलाच नाही. घरी जाऊन बूट काढावेत, एवढंच तिला वाटलं, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

कोयत्याचा लेखक टॉड ब्रॅनिगन क्वीन्समधल्या तिच्या घरी आला. चामड्याचं जाकीट घातलेला कुणी मग्रूर गडी येईल अशी तिची कल्पना होती. आला तो खांद्यावर बाळाच्या ओकारीचा डाग घेऊन. घरात तान्ही जुळी, आणि दर महिन्याला लिहायला चार मासिकं. खुर्चीत बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटायला लागले.

"कॉफी घे आधी," नॉर्मा म्हणाली. "लादीवर पडलास तर मला उचलवणार नाही."

चित्रं तयार होती. यांनी फक्त संवाद भरायचे होते. पानं टेबलावर पसरून दोघं बसले.

"हे दोघं भांडतात कशावरून?"

"कोयत्याला वाटतं, दीपस्तंभाने त्याचा मित्र मारला."

"आणि मारलेला नसतो."

"नसतो."

"मग सरळ विचारत का नाही मेला?"

"विचारलं तर सहा पानं कमी पडतात ना, बाई!"

नॉर्मा हसली. बऱ्याच दिवसांनी, आणि तेही कामाच्या टेबलावर.

शेवटच्या पानावर दीपस्तंभ फाटलेल्या आभाळाच्या दोन कडा दोन्ही हातांनी ओढून धरून उभा होता. तोंडापाशी संवादाचा फुगा रिकामा. टॉडने दोन-तीन वाक्यं सुचवली. जगासाठी, न्यायासाठी, असलं काही. मग त्यानेच मान हलवली. नॉर्माने पेन्सिल घेतली आणि लिहिलं : "मी फार दमलोय रे. तू जा."

टॉडने ते वाचलं, चष्मा काढून डोळे चोळले.

"फिल हे छापणार नाही."

"माहितीय मला."

दुसऱ्या दिवशी फिलचा फोन आलाच. "नायक दमत नाहीत, नॉर्मा."

"हा दमतो."

"पोरं असलं मरण विकत घेत नाहीत. मी बदलतोय."

बदल बाबा, तुला हवं ते घाल, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पलीकडून दुसराच आवाज आला. टॉड फिलच्या टेबलापाशीच उभा होता.

"मग अंकावरून माझं नाव काढून टाक, फिल."

मूर्ख कुठला, नॉर्माच्या मनात आलं. घरात दोन तान्ही पोरं, आणि याला हेच सुचायचं होतं? पण आता त्याला एकट्याला उभं ठेवून आपण फोन ठेवणं तिला जमेना.

"माझंही काढ," ती म्हणाली.

छापखाना अंकासाठी खोळंबला होता, आणि फिलही थकलेलाच माणूस होता. "मरा दोघंही," असं म्हणून त्याने पान तसंच पाठवलं.

अंक तडाखेबंद खपला. कोयत्यामुळे की मरणामुळे, कुणी सांगावं. काही वाचकांनी 'रडका म्हातारा' म्हणून टिंगल केली, काहींनी तेवढं पान कापून ठेवलं. आणि पानगळ सुरू व्हायच्या आत फिलचा पुन्हा फोन.

"त्याला परत आणायचंय."

"अरे, मेला तो!"

"कॉमिक्समध्ये मेला, नॉर्मा."

"मग टॉडला दे. मी नाही."

संध्याकाळी टॉडने चाचरत विचारलं, "तुम्ही रागावणार नाही ना? नाही म्हणा, मी सोडतो."

"लिही रे. त्याच्या आईचं नाव आठवलं नाही तर मला विचार. बाकी तुझं तू बघ."

त्यानंतर कितीतरी दिवस सकाळी उठून करायचं काय, हे तिला सुचेना. एका दुपारी खिडकीतलं ऊन पायांवर घेऊन ती गाढ झोपली. दचकून जागी झाली ती पानं द्यायची राहिलीत या धास्तीने. तशीच थोडा वेळ पडून राहिली. मग उठून तिने कॉफीचं आधण ठेवलं.