खंड्याचा डोळा

मालक, टोक काढायला कुंचला ओठांत घालू नये अशी पाटी तुम्ही दारावर ठोकलीत, ती बायका जगाव्यात म्हणून नव्हे. मेल्या तर दोष त्यांच्याच माथी यावा म्हणून. इंग्लंडातल्या बिल्स्टनच्या तुमच्या त्या कारखान्यात वाचता येणारी एकही बाई नव्हती.

डॉर्कसला ती पाटी मुकादम ग्रोकटने वाचून दाखवली, तीही हसत. तोवर तिचं मनगट गेलं होतं. मिना चढवलेल्या तांब्याच्या डब्यांवर रानपाखरं रंगवता रंगवता रंगातलं शिसं ओठांवाटे अंगात भिनलं. आता हात पुढे केला की पंजा पिरगळलेल्या कोंबडीच्या मानेसारखा लोंबायचा.

आज तिच्या बाकावर धाकटी बहीण केझिया बसली होती, डॉर्कस तिच्या पाठीशी उभी. जागा घरातच ठेवायची तर परीक्षा ठरलेली: मुकादमासमोर डबीवरच्या खंड्या पाखराच्या डोळ्यात पांढरा ठिपका द्यायचा, कुंचला एकदाच टेकवून. ठिपका फिसकटला तर जागा जाणार, आणि जागा गेली की घरातली चूल थंड. डॉर्कसने बजावलं होतं, "टोक बोटावर फिरवून काढ. ओठ नाही लावायचे."

केझिया कधीची फिरवत होती. कुंचल्याचे केस फिस्कारलेले ते फिस्कारलेलेच.

"आटप पोरी," ग्रोकट म्हणाला, "खंड्या आंधळा मरेल."

शेजारच्या बाकावरून टॅबिथा पुटपुटली, "चाट की गं एकदा. आम्ही सगळ्या चाटतो, मेलो का?" बोलताना तिच्या हिरड्यांवरची शिशाची निळी रेघ दिसली.

केझियाने बहिणीकडे बघितलं नाही. कुंचला ओठांकडे नेला.

डॉर्कसने डाव्या हाताने आपला उजवा पंजा उचलला आणि केझियाच्या तोंडावर दाबून धरला. कुंचला काढून घेतला, ग्रोकटपुढे धरला.

"तुम्हीही याच बाकांवरून वर गेलात ना, मुकादम? मग काढा टोक. पाटीवर लिहिलंय तसं, ओठ न लावता."

"तुझं डोकं फिरलंय."

"फिरू दे. तुम्ही काढा."

बाकांवरचे सगळे हात थांबले. ग्रोकटने चिडून कुंचला हिसकावला, डबी जवळ ओढली, खंड्याच्या डोळ्यावर नजर लावली. आणि जुन्या सवयीने त्याचा हात सरळ तोंडाकडे गेला. ओठांशी येऊन थबकला.

कुणी हसलं नाही.

"थांबलात का?" डॉर्कस म्हणाली. "माझ्या बहिणीने चाटायचं, मग तुम्ही का नाही? बोला मुकादम. उत्तर मिळाल्याशिवाय ती कुंचल्याला हात लावायची नाही."