जयाच्या गाण्याची फणी

जयाचं गाणं लागलं की तुळजाबाई डोळे मिटून घेत आणि गोळीबार चौकाजवळचं जुनं घर आपोआप उभं राही. हातमागावर बाप, आणि कोपऱ्यात रहाटावर कांड्या भरत बसलेली धाकटी बहीण जया. सूत गुंडाळता गुंडाळता ती गायची. एकाहत्तर साली गल्लीतल्या बाबाराव मास्तरांनी ते गाणं स्पूलच्या टेपवर भरून घेतलं. पुढच्याच वर्षी काविळीनं जया गेली. तिचा फोटो एकही नाही. राहिली ती टेप.

आज मात्र घर काही उभं राहीना.

"कसं वाटते, आजी?" मेघानं विचारलं. ही नात मिहानमधल्या कंपनीतली नोकरी सांभाळून घरातल्या एका खोलीत ध्वनिमुद्रणाचं काम करी. जयाआजीचं गाणं आता ती सगळ्यांसाठी नेटवर टाकणार होती. "फ्लॅक फाइल आहे, आवाजातलं काहीच न गाळणारी. एका सेकंदात आवाजाचे शहाण्णव हजार ठिपके."

"फणी दाट आहे म्हण ना." मागाच्या फणीला जितकी घरं, तितकं कापड दाट, तुळजाबाईंना माप तेच कळे. त्यांनी पुन्हा कान दिला. जया गात होती, पण भिंतीपलीकडून. "हिच्या बांगड्या कुठं गेल्या वं?"

"कोणत्या बांगड्या?"

"काचेच्या. रहाट फिरवताना वाजत. मास्तरनं आयकवलं तवा होत्या. तू हे कशावरून केलं?"

मेघा जरा घुटमळली. "मागच्या वर्षी दुकानातून एमपीथ्री करून आणली होती ना, तिच्यावरून. ती लहान फाइल असते. बारीक आवाज गाळूनच बनते."

तुळजाबाईंना हसू आवरेना. "अवं, जाडंभरडं लुगडं खळ लावून कडक केलं, अन् वर शंभर नंबरच्या बारीक सुताची चिठ्ठी चिकटवली! तुह्या पणजोबानं तुले दारात उभं केलं नसतं."

"मुद्दाम नाही केलं मी! टेप झडून राहिली, आजी. दुकानदार म्हणे, अजून एकदा चालली तर चालली. मले भेव वाटलं."

तुळजाबाईंचं हसू विरलं. टेप लावली तर जया कायमची जाऊ शकत होती. नाही लावली तर ही भिंतीआडची जयाच लोकांना द्यायची, तीही खोट्या नंबराखाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं लुगडं नेसून त्या मेघाच्या खोलीतल्या स्पूलच्या यंत्रापुढे येऊन बसल्या. "लाव."

चाकं फिरली. संगणक दाट फणीनं गाणं भरून घेऊ लागला.

बांगड्या आल्या. त्यांच्या मागोमाग रहाटाची कुरकुर आली, ओल्या सुताचा वास आला, छपराच्या कवेलूंच्या फटींतून उतरलेलं ऊन आलं, जयाच्या पोलक्याची उसवलेली बाही आली. तुळजाबाई बाविशीच्या होऊन उंबऱ्याशी बसल्या होत्या आणि त्यांना कुठंच जायचं नव्हतं.

दोन कडवी झाली, आणि एकदम खरखर. मेघानं यंत्र थांबवलं. फितीवरचा थर झडून सगळीकडे तपकिरी भुकटी पडली होती. तिसरं कडवं त्या भुकटीत होतं.

मेघाचे डोळे भरले. "तिसरं जुन्या फाइलीतून जोडून देतो मी. कोणाले समजणार नाही."

"मले समजन. मधातच सूत बदललं का पट्टा दिसतेच." तुळजाबाईंचा आवाज शांत होता. "दोन्ही दे. मोठी दोन कडव्यांची, लहान तीनची. कशावरून केलं ते साफ लिही. ज्याले जे पाहिजे ते घेईन तो."

मेघानं मान हलवली आणि नवी फाइल शेवटापासून तपासायला घेतली. एका जागी ती थांबली. "आजी, आयक. दुसरं कडवं संपल्यावर तिनं तिसऱ्यासाठी श्वास घेतला आहे. तिथंच टेप गेली. कापू का एवढा? अर्धवट वाटते."

तुळजाबाईंनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांशी धरला. जया श्वास भरून घेऊन थांबली होती. आता गाणारच होती.

"राहू दे वं," त्या म्हणाल्या. "तिले घाई नोको करू."