दोन वायसर

गाड्यांच्या विजेचं काम करणारी बाई त्या भागात एकटीच, म्हणून सगळे तिला वायरिंगबाई म्हणत. आधी चेष्टेनं म्हणत, पुढे गरजेनं म्हणू लागले. एक माणूस मात्र तिला अजून 'तारा ओढणारी' म्हणायचा, तो म्हणजे तिच्या ताईचा नवरा.

भावोजी बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागाचे प्रमुख होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी प्रमुखपण काही उतरलं नव्हतं. झाकण घट्ट बसलंय की नाही हे तीस वर्षं तपासल्यावर जगातली प्रत्येक गोष्ट आपण तपासू शकतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. डॉक्टरला ते औषध सांगत, गवंड्याला वाळू शिकवत, आणि ताईला तर श्वास कसा घ्यावा हेही सांगत असतील, असं वायरिंगबाईला वाटायचं.

शुक्रवारी त्यांचा फोन आला. गाडी मागे घेताना लागणारे पांढरे दिवे लागत नाहीत, सोमवारी गाडीची तपासणी आहे, उद्या सकाळी येऊन जा. येशील का, असं नाही, येऊन जा. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले की तुझी ताई बाथरूममध्ये घसरली, पाय प्लास्टरमध्ये आहे. कधी, असं तिनं विचारलं. झाले आठ-नऊ दिवस, असं उत्तर आलं. सख्ख्या बहिणीचा पाय मोडला, आणि ही बातमी दिव्याच्या शेपटीला बांधून आली.

शनिवारी नऊ वाजता ती हत्यारांची पिशवी घेऊन पोचली. घराच्या बाजूला अरुंद बोळ, त्यात पत्र्याखाली गाडी उभी. तोंड फाटकाकडे, पाठ भिंतीकडे. गाडी नेहमी निघायच्या तयारीत असावी हा भावोजींचा नियम होता. जायचं कुठंच नसलं तरी. मागच्या भिंतीला लागून गुडघ्याएवढा धुण्याचा कट्टा होता, त्यावर नळ. ताई बोळात उघडणाऱ्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. पाय स्टुलावर, मांडीवर मटारांची परात. पायावर घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर.

"नडगी मोडलीय," ताई म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

नडगी. बाथरूममध्ये घसरून मनगट मोडलेली माणसं वायरिंगबाईनं पाहिली होती, खुबा मोडलेलीही पाहिली होती. पण तेवढ्यात भावोजी फाइल घेऊन बाहेर आले.

गाडीच्या नावाची निळी फाइल. आत रेघा मारलेले तक्ते. भावोजींनी उभ्या उभ्याच व्याख्यान सुरू केलं. दोन्ही बल्ब बदलले, फ्यूज बदलला, मागचा बंपर सोडवून तारा तपासल्या, शेवटी गिअरबॉक्सवरचा स्विचसुद्धा स्वतःच्या हातानं नवा बसवला. तेव्हा आता दोष वायरिंगमध्येच आहे, आणि ते तुझं खातं आहे. त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा की अवघड काम आपण करून ठेवलंय, हमालीपुरती तू.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मनात म्हणत तिनं बॉनेट उघडलं. डोळ्यांदेखत चूक दिसली तरी लगेच सांगायची नाही, आपल्या क्रमानंच जायचं, ही तिची सवय होती. तिनं किल्ली फिरवली. इंजिन नाही, फक्त किल्ली. गिअर रिव्हर्सला टाकला, हँडब्रेक ओढला. मागे दोन्ही दिवे बंद. दोन्ही एकदम गेले म्हणजे बल्बचा दोष नाही. दोन बल्ब ठरवून एका दिवशी मरत नाहीत. तरीही या माणसानं दोन्ही बल्ब बदलले होते. फ्यूज चांगला होता, तोही बदलला होता. फ्यूज आणि बल्ब दोन्ही ठीक, म्हणजे वीज मध्येच कुठंतरी अडते आहे. ती अडायची पहिली जागा गिअरबॉक्सवरचा स्विच. गिअर मागे पडला की आतली दांडी त्याची कळ दाबते आणि दिवे लागतात. इतकं साधं.

तिनं हवेच्या फिल्टरचा डबा बाजूला केला, स्विचला तारा जोडणारा कपलर ओढून काढला आणि त्याच्या दोन टोकांमध्ये तारेचा छोटा तुकडा घातला. मागची भिंत एकदम पांढरीशुभ्र झाली.

"वायरिंग ठणठणीत आहे," ती म्हणाली.

भावोजींना ते पटलं नाही. स्विच नवा आहे, पावती फाइलमध्ये आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. पावती दाखवून दिवा लागत असता तर या घरात सूर्याचीही गरज पडली नसती. तिनं पाना लावून स्विच सोडवला. थोडं तेल ओघळलं, ते फडक्यानं पुसलं. स्विच हातात आला आणि तिला हसू आवरेना, पण ते हसू चांगलं नव्हतं. स्विचच्या गळ्यात दोन वायसर होते, धातूच्या दोन चकत्या. जुना काढायचा राहिला होता, त्यावर नवा चढवला होता. त्या जाडीमुळे स्विच वर राहिला आणि त्याची कळ दांडीपर्यंत पोचलीच नाही. झाकणं घट्ट बसतात का हे बघण्यात ज्याची हयात गेली, त्याला एक स्विच नीट बसवता आला नव्हता.

तिनं दोन्ही वायसर तळहातावर घेऊन त्यांच्यासमोर धरले. भावोजींनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले की दुकानदारानं सांगायला हवं होतं.

"तुम्ही दिवे कसे तपासत होता?" तिनं सहज विचारलं. जुना वायसर फेकून एकच ठेवला आणि ती स्विच पुन्हा आवळू लागली.

सगळं नोंदवलंय, असं म्हणून त्यांनी अभिमानानं फाइल पुढे केली. तेल लागलेले हात पुसून तिनं पान उलटलं. रेखीव अक्षर, प्रत्येक रकाना भरलेला. निरीक्षण सहा: इंजिन चालू, गिअर रिव्हर्स, दिवे बंद. मागे उभी व्यक्ती: पत्नी. निरीक्षण सात: नवा स्विच, इंजिन चालू, गिअर रिव्हर्स. मागे उभी व्यक्ती: पत्नी. निष्कर्षाच्या रकान्यात लिहिलं होतं: क्लचवरून पाय सरकला, प्रयोग मध्येच थांबला.

तारीख गेल्या आठवड्यातल्या गुरुवारची होती.

तिनं बंपरकडे पाहिलं. उजव्या कोपऱ्यावर सिमेंटचा करडा ओरखडा. कट्ट्याची कडही तिथंच फुटलेली. तिनं ते पान पुन्हा एकदा वाचलं. या माणसानं बायकोची नडगी गाडी आणि कट्ट्यामध्ये चिरडली होती, मेहुणीला बाथरूम सांगितलं होतं, आणि नोंदीत मात्र प्रामाणिकपणे लिहिलं होतं की प्रयोग थांबला. खोटं लपवण्याइतकीही अक्कल नाही. किंवा त्याहून वाईट: त्यात लपवण्यासारखं काही आहे, हेच त्यांना वाटलं नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "तू बाथरूममध्ये पडलीस?"

ताईनं शेंगा सोलायचं थांबवलं नाही. "नाही," ती म्हणाली. "तुझे भावोजी म्हणाले, 'तसं सांगू या.'"

भावोजी घाईनं बोलू लागले. उगाच पोलिसांचं लचांड नको म्हणून, आणि हिनंही जरा बाजूला उभं राहायला हवं होतं, मी तीनदा सांगितलं होतं, वगैरे. त्यांचं बोलणं संपेपर्यंत वायरिंगबाईनं कपलर लावला, फिल्टरचा डबा बसवला आणि हात पुसले. मग ती गाडीत बसली. भावोजींना म्हणाली की आता शेवटची तपासणी, जरा मागे कट्ट्यापाशी उभे राहा.

ते गेले. गुणवत्ता प्रमुखाला तपासणीला नाही म्हणता येत नाही. तिनं हँडब्रेक पक्का ओढला, गिअर न्यूट्रलला ठेवला आणि इंजिन चालू केलं. भावोजी टुणकन उडी मारून बोळाच्या भिंतीला चिकटले. साठी उलटलेला माणूस इतका चपळ असू शकतो हे तिनं आरशात पाहिलं.

"इंजिन कशाला चालू केलंस?" ते ओरडले.

तिनं इंजिन बंद केलं. नुसती किल्ली फिरवून गिअर रिव्हर्सला टाकला. भिंत उजळली, आरशात स्पष्ट दिसली.

"हाच प्रश्न त्या गुरुवारी पडायला हवा होता, भावोजी," ती उतरत म्हणाली. "दिव्याला इंजिन लागत नाही. आणि मागे भिंत असली की माणूसही लागत नाही. एवढं तारा ओढणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं."

भावोजींनी फाइल उचलली, उघडली, मिटली. मग ते काहीतरी शोधायला आत गेले. त्यांना काय शोधायचं होतं ते त्यांनाही माहीत नसावं.

वायरिंगबाई ताईपाशी येऊन पायरीवर बसली. तिच्या तोंडाशी खूप काही आलं होतं. ताईनं ते बोलू दिलं नाही. परात बाजूला ठेवून ताई म्हणाली, "चार कपडे काढून दे माझे. वरच्या खणातले. आणि गोळ्या."

तिनं विचारलं नाही, किती दिवसांचे. सगळा खणच पिशवीत रिकामा केला. आतल्या खोलीत भावोजी पलंगावर बसले होते. प्लास्टर काढायची तारीख पंधरा आहे, तोवर परत यायला हवं, असं ते कपाटाकडे बघत म्हणाले. तिनं गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाकलं. जो माणूस बोलण्याच्या लायकीचा नाही, त्याच्याशी गप्प राहणंसुद्धा जरा जास्तच, असं तिला वाटलं.

तिच्या व्हॅनमध्ये पुढची सीट मागे सरकवून ताईला आडवं टेकवलं, पाय लांब केला. दोन चौक गेल्यावर ताई आपणहून बोलली.

"मला माहीत होतं, इंजिन लागत नाही."

वायरिंगबाईनं तिच्याकडे पाहिलं.

"तुझ्या गॅरेजात किती वेळा बसलेय मी. पाहिलंय तू कसं करतेस ते. किल्ली फिरवतेस आणि बघतेस." ताई समोर बघत होती. "त्यांना सांगितलं असतं तर तासभर व्याख्यान झालं असतं. त्यापेक्षा उभं राहणं सोपं वाटलं."

अठरा वर्षं वायरिंगबाई त्या घरात जाऊन एका माणसाला तुच्छ मानून परत येत होती आणि त्यातच आपलं कर्तव्य झालं असं समजत होती. ताई कुठं उभी आहे, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिनं गाडी हळू केली.

तिचं घर दुसऱ्या मजल्यावर. खाली आल्यावर दोघी जिन्याकडे बघत राहिल्या. उचलून न्यायची ताकद एकीत नव्हती, आणि स्वतःला उचलून घेऊ द्यायची दुसरीला लाज. शेवटी ताई खालच्या पायरीवर बसली, हातांवर भार दिला आणि बसल्या बसल्या एक पायरी वर सरकली. वायरिंगबाई खालून तिचा प्लास्टरचा पाय दोन्ही हातांत धरून होती. नवव्या पायरीवर ताई दमली. शेजारचं दार उघडलं, कोणीतरी डोकावलं, पुन्हा बंद झालं.

"थांबू या?" वायरिंगबाईनं विचारलं.

"थांब. पण पाय सोडू नकोस," ताई म्हणाली.