विकत घेतलेला सूट

एकोणीसशे शहाण्णवच्या फेब्रुवारीत शेळगावच्या कचरूची मुलगी प्रियदर्शनी डॉक्टर झाली. पदवीदान समारंभ पुण्यात, आठ दिवसांवर आलेला. शाळेतला शिपाई म्हणून कचरूनं तीस वर्षं खाकी घातली होती. आता त्याला सूट हवा होता, आणि तोही अस्सल.

बारामतीचे सावळाराम टेलर म्हणाले, "कचरूराव, आठ दिवसांत चांगला सूट शिवून व्हायचा न्हाय. पर एक तयार हाय. इटलीचा, तिकडच्या मोठ्या डिझायनरचा. इंदापूरच्या योगिनीबाईंनी विकायला ठेवलाय. त्यांच्या मालकांनी दोनदाच घातला. मागल्या साली वारले ते."

"म्हंजे कुणीतरी उतरवलेला," कचरू म्हणाला आणि उठलाच.

लहानपणी त्याच्या अंगात गावानं उतरवून दिलेले सदरेच असायचे. घरानं बुद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवशी त्याच्या आईनं, रंगुबाईनं, ते सगळे चुलीत घातले. पुढं वर्षभर त्याला एकाच सदऱ्यावर काढावं लागलं, पण ती पुन्हा कुणाच्या दारात कापड मागायला गेली नाही.

सावळारामांनी त्याला हाताला धरून बसवलं. "अवो, बघा तर खरं." त्यांनी कोट उलटा केला. "बाजारात खोटं लेबल लावून ढीगभर विकत्यात. ह्यो बघा, आतला सगळा टाका हाताचा. बाहीची बटनं बी दिखाऊ न्हाईत, उघडत्यात. असं काम मी चाळीस वर्षांत दोनदा बघितलं."

कचरूनं कोट चढवला. खांद्यावर तो असा बसला, की त्याला काढवेना. "बाईंना बोलवा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी योगिनीबाई दुकानात आल्या, तेव्हा कचरू पुन्हा कोट चढवून उभा होता. त्याची मुलगी डॉक्टर झाल्याचं ऐकून त्यांचा चेहरा खुलला. "घेऊन जा. पैसे राहू द्या. तिला माझ्याकडून भेट समजा."

कचरूनं कोट काढून हँगरला लावला. "मग न्हाय घेता यायचा, बाई."

"का हो? काही चुकलं का माझं?"

"तुमचं मन चांगलं हाय. पर दुसऱ्यानं दिलेलं कापड आमच्या घरात आता येत न्हाय. इकत द्या, घेतो."

योगिनीबाईंनी हँगरवरच्या कोटाची बाही सारखी केली. मग म्हणाल्या, "बरं. चार हजार."

"लई हुतात. दोन."

"अहो, इटलीचा आहे!"

"व्हय, पर प्यांट आखूड करावी लागतीय."

सावळाराम हसू दाबत टेप गुंडाळत बसले. शेवटी तीन हजारांवर सौदा ठरला. निघताना योगिनीबाईंनी कोटावरून एकदा हात फिरवला आणि कचरूला म्हणाल्या, "मुलीला आशीर्वाद सांगा."

समारंभाच्या दिवशी मांडव तापला होता. तरी कचरूनं कोट काढला नाही. गाऊन घातलेली प्रियदर्शनी धावत आली.

"आबा, कुठनं घेतलात?"

मग कचरूनं किंमत सांगितली, घासाघीस कशी केली ते सांगितलं, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी पाहुण्याला बाहीची बटणंसुद्धा उघडून दाखवली.