फक्त दहा मिनिटांवर

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, त्या पाटीवर काही चुकलं तर पुसता तरी येतं. मी पत्र्याची, दोन लाकडी पायांवर उभी राहणारी. माझ्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं आहे, 'घर विकणे आहे. बाग, गॅरेज, शांत परिसर. बाजारपेठ फक्त दहा मिनिटांवर.' पुढचं सांगायची मला लाज वाटते, पण न सांगून आणखी वाटेल.

मला एका म्हाताऱ्या पेंटरने रंगवलं. 'दहा' लिहिण्याआधी त्याचा ब्रश थांबला. दहा मिनिटं म्हणजे कशाने, असं त्याने दलालाला विचारलं. दलाल म्हणाला, लिहा हो, जास्त लिहायला जागा कुठे आहे? पेंटरने लिहिलं. मी नव्या रंगाच्या वासाने अशी हरखून गेले होते की त्या प्रश्नाकडे माझं लक्षच नव्हतं. गावाबाहेरच्या त्या नव्या वसाहतीत मला रोवलं, आणि येणारे-जाणारे अक्षर काय सुरेख आहे म्हणायचे, तशी मी फुगत गेले.

एका रविवारी सकाळी एक कुटुंब गाडीतून घर बघायला आलं. रस्ता मोकळा होता, त्यामुळे ते खरोखरच दहा मिनिटांत पोचले. नात थेट बागेत पळाली. सून स्वयंपाकघरातली कपाटं उघडून बघू लागली. आजी मात्र माझ्यापाशी थांबली आणि एकेका शब्दावर बोट ठेवून मला वाचू लागली.

आजीची थोरली बहीण बाजारपेठेमागच्या गल्लीत एकटी राहायची. संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली होती आणि केस होते कमरेपर्यंत. रोज चार वाजता आजी चालत तिच्याकडे जाई आणि तिची वेणी घालून देई. नवं घर घ्यायचं तर आजीच्या नावावरच्या राहत्या दोन खोल्या विकाव्या लागणार होत्या. ती अडली होती ती एवढ्या एका गोष्टीपाशी.

"दहाच मिनिटं ना?" ती मुलाला म्हणाली. "मग काही अडचण नाही. आत्ताही ताईकडे जायला मला दहाच लागतात."

आजीने जन्मात कधी गाडी चालवली नव्हती. तिची मिनिटं पायांची होती. मुलाने तोंड उघडलं, मिटलं, आणि तो छपराकडे बघू लागला. दलालाला खोकला आला. आणि मी? मी लाल अक्षरं मिरवत उभी होते. महिन्याभरात त्यांनी घर घेतलं.

मला गॅरेजमध्ये जुन्या बॅगांशेजारी टेकवून ठेवलं. सकाळी साडेसातला गाडी बाहेर पडायची, तिच्यातून मुलगा, सून, नात. ती परतायची संध्याकाळी सात वाजता. तिसऱ्याच दिवशी दुपारी आजी पिशवीत फणी टाकून पायी निघाली. त्या रस्त्याला ना फुटपाथ ना बस. दोन तासांनी ती अर्ध्या वाटेतूनच परत आली, तुटलेली चप्पल हातात घेऊन. माझ्यासमोर बॅगेवर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. भाड्याची गाडी फोन करून मागवावी, तर इतक्या लांब यायला ड्रायव्हर कां-कू करायचे.

मग ठरलं, रविवारी सगळ्यांनी मिळून जायचं. पण रविवारी कधी नातीचा क्लास, कधी सुनेची साचलेली झोप, आणि मुलाचं 'पुढच्या रविवारी नक्की'. असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी ते गेले खरे. परत आल्यावर सगळे गाडीतून उतरले, आजी बसूनच राहिली. मुलगा तिच्या बाजूचं दार उघडायला आला.

"ताईनं केस कापून टाकले," ती म्हणाली. "पार मानेपर्यंत. म्हणाली, रोज रोज वाट तरी किती बघायची?"

मुलगा दार धरून उभा राहिला.

"आई, तू पाटीपाशी बोललीस ते मी ऐकलं होतं. तू चालत जायचं म्हणतेयस हे कळत होतं मला. मुद्दाम गप्प बसलो."

"चप्पल तुटली त्या दिवशीच आलं माझ्या लक्षात," आजी म्हणाली. "काही लपवायचं असलं की तू वर बघतोस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी."

ती घरात गेली. मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आमच्या दोघांची लाज एकच होती, पण त्याला ती निदान बोलून दाखवता आली.

आठवड्याभरात त्यांनी घर विकून परत बाजारपेठेजवळ जायचं ठरवलं आणि मला पुन्हा बाहेर रोवलं. मात्र त्याआधी मुलाने स्वतः ब्रश घेतला. 'दहा मिनिटांवर'च्या आधी, होती तेवढ्या जागेत, 'गाडीने' असं कोंबलं, आणि खाली लिहिलं, 'चालत दोन तासांच्या वर. फुटपाथ नाही.' अक्षर इतकं वाकडं की पेंटरने बघितलं असतं तर मला भंगारात काढलं असतं. दलालाने येऊन कपाळाला हात लावला. असं लिहिलंत तर कुत्रंसुद्धा फिरकणार नाही, म्हणाला. मुलाने ते तसंच राहू दिलं.

याला आता आठ महिने झाले. लोक गाडी हळू करतात, मला वाचतात आणि निघून जातात. माझा लाल रंग गुलाबी पडलाय. आजी रोज चार वाजता माझ्याजवळ उभी राहून बहिणीला फोन लावते आणि विचारते, कुठवर आले गं केस? परत गल्लीत जाऊन पहिली वेणी आपल्याच हातांनी घालायची, असं तिने मनाशी धरलंय.

मित्रांनो, माझी निगा राखा असं म्हणायला मला तोंड नाही. एवढंच मागते की कुणाला अंतर सांगाल, तर तो माणूस कसा जाणार आहे ते आधी विचारा. आणि तुमच्या घरी सगळ्यांना गाडी चालवता येत असेल, तर हे घर खरंच चांगलं आहे हो, बागही मोठी आहे. फक्त जरा लवकर या. थोरलीचे केस परवाच खांद्याखाली उतरले.