एक ते चार

गळ्यात कायम टेप असायची म्हणून गल्ली तिला टेपकाकू म्हणायची. घरात ती कुणाची वहिनी, कुणाची सूनबाई. तीस वर्षं तिनं पायमशीनवर शर्ट शिवले. मग उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पायडल बंद केलं. तिनं मशीनला मोटर बसवून घेतली. पण वीज रोज दुपारी एकला जायची ती चारला यायची, आणि शिवायला तिला निवांत मिळायचे ते हेच तीन तास.

शाळेच्या गणवेशाचे ऐंशी शर्ट शनिवारी द्यायचे होते. मागची ऑर्डर आठवडाभर उशिरा गेली होती. या वेळी चुकलं तर शाळा दुसरा शिंपी बघणार होती, आणि मग तिची शिवणाची वरची खोली आपल्या सामानाला मिळावी असं धाकट्या दिराचं म्हणणं होतं. दीर वायरमन. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर, फोनवर तो एवढंच म्हणाला, "तुमचं तुम्ही ठरवा." दिरानं वायरची दोन खोकी आधीच खोलीत आणून ठेवली होती.

"नुसती जागा धरून ठेवतोय, वहिनी. राग मानू नका."

"बसच्या सीटवर रुमाल टाकतात, तसा?"

"तसाच समजा."

टेपकाकू हसली आणि कामाला लागली. बंद पडलेल्या एका गोदामाच्या छपरावरून उतरवलेली सोलर प्लेट तिनं मिळवली. जुनी पण धड बॅटरी आणली, चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर आणला, इन्व्हर्टर आणला. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, थांबवायचा, मापांच्या वहीत उतरवायचा, पुन्हा बघायचा. कापड ठेवायच्या लाकडी पेटीत तिनं सगळं बसवलं. हवेसाठी पेटीला भोकं पाडली, तीही काजांसारखी एका अंतरावर. वायरी मेणदोऱ्यानं बांधल्या. दिरानं झाकण उघडून पाहिलं तेव्हा त्याला नावं ठेवायला काही सापडेना.

"दिसायला छान आहे," तो म्हणाला. "फोटो काढून ठेवा. भंगारातून आलंय, भंगारात जाईल."

प्लेट गच्चीवर कुठं बसवायची, यासाठी तिनं एक अख्खा रविवार घातला. कापड बेतण्याआधी टेबल मोकळं करायचं, ही तिची सवय. तशी तिनं गच्ची मोकळी केली. कुंड्या हलवल्या, बादल्या खाली नेल्या, सासूबाईंची कपडे वाळत घालायची दोरी सोडली. मग दर तासाला वर जाऊन पाण्याच्या टाकीची सावली शिंप्याच्या खडूनं आखली. जिथं दिवसभर एकही रेघ पोचली नाही तिथं प्लेटची चौकट बोल्टनं पक्की केली. आणि गच्ची पुन्हा होती तशी लावून ठेवली.

सोमवारी एकला वीज गेली. टेपकाकूनं पेटीचं बटण दाबलं. मोटर फिरली, सुई चालली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, दीरही आला. एक बाही झाली, दोन झाल्या. दोन वाजून दहा मिनिटांनी पेटी पिरपिरली आणि मशीन थांबलं. सुई कॉलरमध्येच अडकून राहिली.

"सांगितलं होतं ना!" दीर म्हणाला. "अहो, मी वीस वर्षं या धंद्यात आहे."

"मग काय बिघडलंय ते सांगा."

"प्लेटच मेलेली आहे."

"मेलेली प्लेट तासभर मशीन चालवत नाही, भाऊजी."

मंगळवारी सकाळी ती मीटर घेऊन गच्चीवर बसली, गुडघ्याखाली उशी घेऊन. प्लेटमधून येणारा करंट आठला चार अँपिअर, साडेनऊला सहा, दहाला सात. झकास. साडेदहाला आकडा एकदम दोनवर आला. आभाळ निरभ्र होतं. तिनं वायरी हलवल्या, स्क्रू आवळले. आकडा दोनच. मग ती प्लेटसमोर गेली आणि तिला दिसलं. दोरीवर सासूबाईंनी नुकतीच घातलेली चादर लोंबत होती आणि तिच्या टोकाची सावली प्लेटच्या कोपऱ्यावर पडली होती. जेमतेम चार बोटं.

तिनं चादरीचं टोक उचललं. सात. सोडलं. दोन.

चार बोटांनी एवढं? मग तिला उमगलं. प्लेटमधले चौकोन एकामागून एक ओवलेले होते, शिवणीतल्या टाक्यांसारखे. एक टाका धरला की सगळी ओळ आखडते. म्हणूनच काल बॅटरी अर्धीच भरली होती. आणि ही दोरी तिनंच सोडली होती, तिनंच परत बांधली होती. टेबल मोकळं करून माप घेतलं आणि शिवायला बसली भरल्या टेबलावर!

"आई, चूक माझी आहे," तिनं सासूबाईंना वर बोलावून सांगितलं. "पण हलवावी लागेल तुमची दोरी."

सासूबाईंनी दोरी ओढून पाहिली. "तुझं लग्न व्हायच्या आधीपासून आहे ती इथं."

"माहीत आहे."

"तिकडच्या कठड्याला बांध. आणि गाठ मला मारू दे. तुझ्या गाठी कापडाला ठीक, ओल्या चादरीला नाही टिकायच्या."

दुसऱ्या दिवशीही आभाळ निरभ्र राहिलं. बुधवारी एकला गल्लीतले पंखे थांबले, पिठाची गिरणी थांबली, समोरच्या दुकानातली गाणी थांबली. वरच्या खोलीतून मात्र खडखड येत राहिली. दोन वाजले, तीन वाजले. सासूबाई खाली दारात बसल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारत होत्या, "ऐकू येतंय ना?" येतंय म्हटल्याशिवाय त्या कुणाला पुढं जाऊ देत नव्हत्या. चारला वीज आली ती टेपकाकूला कळलीसुद्धा नाही.

शुक्रवारी संध्याकाळी ऐंशीव्या शर्टाचं शेवटचं बटण लागलं. शनिवारी ती शर्ट शाळेत पोचवून आली तेव्हा दीर वरच्या खोलीत पेटी उघडून उकिडवा बसला होता.

"वहिनी, एका गिऱ्हाइकाला अशीच पेटी हवी आहे," तो म्हणाला. "जोडणी कशी केलीत, जरा दाखवता?"

"दाखवते की. आधी रुमाल उचला."

तो उठला. एक खोकं त्यानं खांद्यावर घेतलं, दुसरं बगलेत मारलं आणि जिना उतरू लागला. टेपकाकूनं मापांच्या वहीचं कोरं पान काढलं आणि त्यावर पहिल्या ओळीत लिहिलं: आधी दोरी बघणे.